कोपरावरचा खांब

शरदात त्या डोंगरावर आधी गवत तांबडं व्हायचं, मग झाडं पिवळी, आणि मग एखाद्या सकाळी माथ्यावर कुणी पीठ चाळून ठेवल्यासारखं पांढरं दिसायचं. पांढरं दिसलं की हातात पंधरा दिवस. उंचावरची रानबकरी अंगावर दाट लोकर चढवून खालच्या कपारींना येऊन राहायची, ससे कानांपासून पांढरे होत जायचे, क्रौंचांच्या रांगा खिंडीवरून ओरडत निघून जायच्या. सगळ्या रानाची अशी आवराआवर चाललेली असताना माणसांपैकी एकटा खांबकरी घाटात असायचा.

पहिलं बर्फ पडायच्या आत घाटरस्त्याच्या दरीकडच्या कडेनं एकशे चौदा खांब उभे करायचे, हे त्याचं काम. खांब म्हणजे दोन पुरुष उंचीचे सोललेले वासे, टोकाला लाल पट्टा. ट्रॅक्टरवाला ते कडेला टाकून खाली परतायचा. एकदा बर्फ बसलं की रस्ता कुठला, उतार कुठला, कडा कुठला, काही कळत नाही. दिसतात ती फक्त लाल टोकं. बर्फगाडीचा चालक खाली बघतच नाही. पुढच्या पोलादी पात्याचा कोपरा खांबापासून वीतभर आत ठेवायचा आणि या टोकाकडून त्या टोकाकडे जायचं, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून खांब कड्यापासून एक पाऊल आत. ना कमी, ना जास्त.

"मला रस्ता दिसतच नाही रे," दाजी म्हणायचे, "मला तू दिसतोस."

दाजी म्हणजे त्याच्या ताईचा नवरा. बावीस हिवाळे त्यांनी बर्फगाडी चालवली. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी, धुकं होतं, पण असं धुकं त्यांनी हजारदा पाहिलेलं, कोपर म्हणतात त्या वळणावर गाडी सरळ दरीत गेली.

का गेली ते जगात एकाच माणसाला माहीत होतं.

त्याचं असं झालं होतं. त्या शरदात कोपरावरच्या जुन्या खळग्यात पहार घातली तर माती भुसभुशीत लागली. वाकून पाहिलं तर बीळ, आणि बिळाच्या तोंडाला आतून माती-गवताचा बूच मारलेला. शिळकऱ्यांचं घर. शिळकरी म्हणजे मांजराहून थोराड, गुबगुबीत, तपकिरी जनावर. पुस्तकात त्याला मार्मोट म्हणतात. धोका दिसला की मागच्या पायांवर उभं राहून शीळ घालतं, म्हणून शिळकरी. थंडीच्या आधी सगळं कुटुंब बिळात शिरतं, आतून कडी लावल्यासारखा बूच बसवतं आणि सहा महिने झोपतं. झोपही अशी, की मिनिटाला काळजाचे चार-पाच ठोके पडले तर पडले.

खांबकरी गुडघ्यावर बसला होता, मातीला कान लावला होता. पाच-सात जीव एकमेकांच्या कुशीत मुटकुळं करून झोपलेत, आणि आपली पहार त्यांच्या अंथरुणात. त्याला ते करवेना. त्यानं खांब दीड पाऊल बाहेर, दरीवर फुगून आलेल्या गवताच्या कडेत रोवला. दीड पावलानं काय होतंय, असं स्वतःशी म्हणाला आणि घरी गेला.

दीड पावलानं काय होतं ते पुढं कळलं. गाडी जाताना तो खांबही सोबत घेऊन गेली. दोन दिवस बर्फ पडत राहिलं, चाकांच्या खुणा बुजल्या. तिसऱ्या दिवशी रस्त्याचा मुकादम म्हणाला, "नवा खांब लाव तिथं, उद्या वरच्या कचेरीची माणसं येतायत." त्यानं नवा खांब बर्फात खोचला. या खेपेला बरोबर जागी. कचेरीची माणसं आली, फीत धरली, खांब जागेवर असल्याचं लिहून घेतलं आणि खाली एक ओळ घातली: चालकाने वेग आवरला नाही.

तेव्हापासून ताईच्या पाठीमागं, आणि कधी तोंडावरही, लोक हळहळत. "माणूस गुणी, पण त्या दिवशी घाई नडली बघा." ताई घाटाच्या पायथ्याशी नाक्यावर कामाला होती. फाटक उचलायचं, फाटक पाडायचं. त्या सकाळी दाजींच्या गाडीसाठी फाटक तिनंच उचललं होतं.

उन्हाळा आला, बर्फ गेलं. खांबकरी उन्हाळ्यात आगाराच्या मागच्या खोलीत राहून खांबांना रंग द्यायचा. खोली म्हणजे एक खिडकी, एक खाट, भिंतीला टेकवलेले वासे आणि टर्पेंटाइनचा वास. पण या वर्षी खोलीला आणखी काहीतरी लागलं होतं. भरदुपारी उशीवर डोकं टेकलं की उशीतून ठोका यायचा. एक. मग इतका वेळ काहीच नाही, की तो श्वास धरून बसायचा. मग दुसरा. आपल्याच कानातलं रक्त असेल, असं म्हणून तो कूस बदलायचा. ठोका दुसऱ्या कानात यायचा. दोन ठोक्यांमध्ये माणूस मरून जाईल एवढं अंतर.

कोपरावरून चालत गेला की बिळाच्या तोंडाशी थोरला शिळकरी उभा दिसायचा, छातीशी हात धरून, एखाद्या साक्षीदारासारखा. मुकादम जीपमधून गेला तर तो चरत राहायचा. रस्त्याचं माप घ्यायला दोन पोरी आल्या, त्यांच्यापासून चार हातांवर त्यानं अंग घासलं. खांबकरी दिसला की मात्र शीळ. एकच, लांब, पार समोरच्या कड्यावर आपटून परत येणारी. "तुलाच कसा रे शिव्या देतो?" मुकादम हसायचा. खांबकरीही हसायचा, हसू ओठांवर आलं की तिथंच वाळून जायचं.

आणि धुकं आलं की पातं ऐकू यायचं. दगडावरून पोलाद खरडत नेल्याचा आवाज, खालून वर, वळणावळणानं चढत. आषाढातसुद्धा. गाडी तर आगाराच्या अंगणात तुकडे होऊन पडली होती, पात्याला गंज चढला होता, त्याच्या आडोशाला एका चिमणीनं घरटंही केलं होतं. तरी आवाज यायचा, आणि कोपरावर येऊन थांबायचा.

या शरदात माथा पांढरा झाला तशी मुकादमानं त्याला कचेरीच्या दारात गाठलं.

"ट्रॅक्टरवाल्याची कंबर धरलीये. उठता येत नाही की बसता येत नाही, मधल्यामध्ये लोंबकळतोय. तुझी ताई ट्रॅक्टर नेईन म्हणते."

"ताई?"

"का, बिघडलं काय? तुझ्यापेक्षा बरी चालवते. तू चालवलास तेव्हा माझ्या कचेरीची पायरी गेली. अजून उंबऱ्यावरून उडी मारून आत जातोय मी या वयात."

"तिला घाटात नको, मुकादम."

"मी सांगू तिला? तूच सांग. मला अजून दोन वर्षं नोकरी करायचीये."

त्यानं सांगितलं नाही. सकाळी अंगणात ट्रॅक्टर घुरघुरत उभा होता, मागच्या ट्रॉलीत वासे रचलेले, आणि ताई दाजींचा जुना कोट घालून बसली होती. बाह्या दोनदा दुमडल्या होत्या तरी बोटं आतच.

"बैस. आणि पाय आत घे, लहानपणी बैलगाडीतून पडला होतास."

"तू ढकललं होतंस."

"तू ऊस खात होतास माझ्या वाटणीचा."

चार दिवस ते खालचे खांब रोवत गेले. तो पहार मारायचा, ती वासा तोलून धरायची, तो ठोकायचा, ती लांब जाऊन एका डोळ्यानं ओळंबा बघायची. "डावीकडे. अजून. अरे डावीकडे म्हणजे ज्या हातानं तू जेवत नाहीस तिकडे." दुपारी ट्रॅक्टरच्या सावलीत बसून भाकरी खाताना ती कधीकधी पुटपुटायची, दळताना म्हणतात त्या चालीवर, पण शब्द तिचे स्वतःचे, तिथल्या तिथं जुळवलेले:

वाट विचारी वाटेला, तुझा धनी कुठं गेला,
धुकं सांगेना, बर्फ सांगेना, खांब मुका झाला.

खांबकऱ्याच्या घशात घास अडकला. पाण्याची बाटली तिनंच पुढं केली. "हळू खा. तुझ्या वाटणीचं कुणी पळवत नाही आता."

पाचव्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर चालू करताना ती म्हणाली, "आज कोपर येईल ना?"

"येईल."

"तिथला खांब मी रोवणार. तू नुसतं उभं राहायचं. त्यासाठीच आलेय मी, ट्रॅक्टरवाल्याच्या कंबरेसाठी नाही."

त्यानं पाय आत घेतले. वाटेत एका कपारीला रानबकऱ्यांचा कळप होता, एकोणीस. थोरला बोकड शिंगांवर धुक्याचे थेंब घेऊन उभा. ताईनं ट्रॅक्टर थांबवून त्यांना जाऊ दिलं. दाजी थांबायचे तसंच. बकऱ्या रस्ता ओलांडून दरीत उतरल्या, एकामागून एक धुक्यात विरघळल्या, आणि त्यांच्या खुरांखालचे दगड घरंगळत राहिले बराच वेळ, खाली, आणखी खाली.

कोपर आलं तेव्हा धुकं गुडघ्यापर्यंत चढलं होतं. बिळाचं तोंड बंद होतं. ताज्या ओल्या मातीचा बूच, मधूनमधून वाळक्या गवताच्या काड्या बाहेर आलेल्या. या वर्षीही झोपी गेली होती सगळी. खांबकऱ्याला वाटलं, निदान आज तरी कुणी शीळ घालणार नाही. मग वाटलं, शीळ परवडली असती.

ताई उतरली. पदर कोटाखाली खोचला, पहार उचलली. आणि तशीच थांबली.

"ऐकलंस?" ती हळूच म्हणाली.

त्यानं ऐकलं होतं. खालच्या वळणावर दगडावरून पोलाद खरडत येत होतं.

"मला नाक्यावर येतो हा आवाज," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणतील हिचं डोकं फिरलं. धुकं असलं की येतो, आणि माझा हात आपोआप फाटकाकडे जातो. उचलते मी फाटक. कोणी नसतं. मग पाडते."

आवाज चढत आला. शेवटच्या वळणाशी, त्यांच्यापासून पन्नास पावलांवर, थांबला. धुकं हललं नाही. ट्रॅक्टरचं इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं, तेवढंच.

ताईनं डोळे पुसले नाहीत. तिनं खळगा शोधला, दोन्ही हातांनी पहार वर नेली.

"ताई, थांब. तिथं नको."

"का? इथंच असतो ना?"

"इथंच असतो. आत शिळकरी झोपलेत."

तिनं पहार खाली केली. वाकून बूच पाहिला, बोटानं काडी हलवली. "खरंच की. मग गेल्या वर्षी कुठं रोवला होतास?"

प्रश्न साधा होता. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, मातीकडे बघत होती. गेल्या वर्षीही बीळ इथंच होतं का, असं विचारल्यासारखं तिनं विचारलं होतं. एक खोटं पुरलं असतं. गेल्या वर्षी नव्हतं, एवढंच म्हटलं असतं की झालं. खांबकऱ्यानं तोंड उघडलं आणि त्याला उशीतला ठोका ऐकू आला, उभ्या उभ्या. मग ती लांबलचक वाट.

"तिथं," तो म्हणाला, आणि दरीकडे बोट केलं. "दीड पाऊल बाहेर."

ताई ज्या जागी बोट होतं तिकडं चालत गेली. तिथं गवताची फुगीर कड होती, खाली पोकळ. तिनं टाचेनं दाबलं. मातीचं ढेकूळ सुटलं आणि पडल्याचा आवाज कधी आलाच नाही.

"पण कचेरीच्या लोकांनी फीत लावली होती. खांब जागेवर होता म्हणाले."

"तो मी नंतर लावला. तिसऱ्या दिवशी."

ती परत आली. त्याच्या समोर उभी राहिली. धाकटा असला तरी तो तिच्यापेक्षा वीतभर उंच होता; आता तो वाकून उभा होता.

"म्हणजे ते सरळच गेले."

"खांब धरून. सरळ."

"वेग नव्हता."

"नव्हता, ताई. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं."

ताई ट्रॉलीच्या फळीवर बसली. तिचा आवाज कुठल्या तरी दुसऱ्या खोलीतून यावा तसा होता. "वर्षभर भांडतेय मी त्यांच्याशी. लोकांना म्हणायचे, माझा माणूस घाई करणारा नव्हता. आणि घरी आले की त्यांच्या फोटोला म्हणायचे, एवढी कसली घाई झाली होती रे तुला. मीसुद्धा धरून बसले होते की तेच चुकले."

"मला शिळकऱ्यांच्या अंथरुणात पहार घालवेना," तो म्हणाला. वर्षभर स्वतःला सांगत आलेलं वाक्य. "मुके जीव. मला दया आली."

ताईनं मान वर केली. "खिंडीजवळचे वीस खांब तू कसे लावतोस?"

त्याची नजर वर खिंडीकडे गेली.

"तिथं तर खडक आहे, पहार चालत नाही. मी तुझा डबा घेऊन यायचे ना, बघितलंय मी. दगडांचा चौथरा रचून मधोमध उभा करतोस. वादळात हलत नाही." ती शांतपणे, एकेक शब्द ठेवत बोलत होती. "इथं का नाही रचलास? बिळाच्या वरच, मातीला धक्का न लावता. तेही झोपले असते, हेही आले असते."

धुकं आता कमरेपर्यंत आलं होतं. वर्षभर त्या शिळकऱ्यांच्या आडून खांबकरी जगाकडे बघत आला होता. मऊ, झोपलेली, कुणाचंही काळीज वितळेल अशी जनावरं. त्यांच्या मागं उभं राहिलं की स्वतःचंही काळीज मऊ वाटायचं. आता त्यांच्या मागून बाहेर यायचं होतं.

"चार वाजून गेले होते," तो म्हणाला. "दगड खाली ओढ्यातून आणावे लागले असते. दोन तास गेले असते. पाय गारठले होते. मला... मला चहा हवा होता, ताई."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं वाट पाहिली. ती मारेल, पहार भिरकावेल, निदान ओरडेल. लहानपणी ती फार ओरडायची. पण ताई उठली, ट्रॉलीतली रिकामी घमेली काढली आणि एक त्याच्या पायाशी ठेवलं.

"चल."

ओढा दोनशे पावलं खाली होता. दगड गार, शेवाळलेले, हाताला चावणारे. भरलेलं घमेलं खांद्यावर घेऊन चढताना धाप लागायची. त्यानं तिच्या घमेल्यातला एक मोठा दगड आपल्यात घ्यायला हात पुढं केला, तर तिनं खांदा फिरवला. अठरा खेपा झाल्या. बिळाभोवती, बूच न दुखावता, चौथरा चढत गेला; मोठे दगड खाली, बारीक फटीत. दोन तास लागले. बरोबर दोन तास, त्याच्या मनगटावरच्या घड्याळानं ते खोटं ठरवलं नाही.

खांब उभा राहिला. ताईनं वर बघून लाल टोक पाहिलं नाही. ती कड्याशी गेली, टाच कड्याला लावली, दुसरं पाऊल पुढं टाकलं. एक पाऊल. तिनं हातानं खांब चाचपला. मग ट्रॅक्टरला वळसा घालून मागं, आज सकाळी लावलेल्या खांबाशी गेली आणि तिथंही तसंच टाच लावून मोजलं. त्याच्या आधीच्याशीही. धुक्यात तिचा कोट दिसेनासा झाला, तरी पावलं ऐकू येत होती. थांबत, मोजत, पुढं जात. चार दिवसांत तिनं एकदाही मोजलं नव्हतं.

खांबकरी चौथऱ्याशी उभा राहिला. दगडांखाली, त्याच्या बुटांखाली, कुठंतरी ठोका पडला असेल. त्याला ऐकू आला नाही. पातंही कुठं वाजत नव्हतं. ते गेलं नव्हतं, जवळच कुठंतरी इंजिन बंद करून, दार उघडं टाकून कुणी ऐकत बसलं होतं, असं मात्र त्याला वाटत राहिलं.

ताई परत आली. बूट चिखलानं माखले होते.

"आजचे ठीक आहेत," ती म्हणाली. "बाकीचेही मी मोजणार. दरवर्षी मोजणार."

"मोज."

तिनं ट्रॅक्टरवरचा वायरलेस काढून त्याच्या हातात दिला. या वेळी सगळे आपापल्या संचाजवळ असतात हे दोघांनाही माहीत होतं. मुकादम टेबलाशी, नवा चालक स्टोव्हजवळ पाय शेकत, नाक्यावर तिच्या जागी बसलेली बदलीची बाई. सगळ्यांचे संच एकाच वाहिनीवर.

"तिथं जाऊन सांगतो," तो म्हणाला. "मुकादमाला. संध्याकाळी, समोरासमोर."

"तुझ्या दाजींची घाई सगळ्यांनी ऐकलीये," ताई म्हणाली. "हेही सगळ्यांनी ऐकू दे."

त्यानं बटण दाबलं. अंगठा ओल्या दगडांनी सोलला होता, बटणावर रक्त लागलं. "मुकादम, कोपरावरून बोलतोय. गेल्या वर्षी इथला खांब मी दीड पाऊल बाहेर लावला होता. दाजींची चूक नव्हती. कचेरीच्या लोकांनी मोजला तो मी नंतर बरोबर जागी लावलेला होता."

त्यानं बोट सोडलं. नुसती खरखर. दरीतून धुकं वर येत होतं, चौथऱ्याचे खालचे दगड दिसेनासे झाले होते. ताई त्याच्या शेजारी उभी होती, पण त्याच्याकडे पाठ करून, रस्ता ज्या बाजूनं वर येतो त्या बाजूला बघत.

खरखरीतून मुकादमाचा आवाज आला, एकदम म्हातारा झालेला.

"परत सांग."

त्यानं परत सांगितलं.